हजार तास मोजत बसले, पण अंतर काही सापडलं नाही

२ जुलै १९५२, सकाळचे अकरा वाजून गेलेले. अमेरिकेतल्या युटा राज्यात ट्रेमंटन नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या थोडं पुढे हायवेवरून एक फॅमिली गाडीने चाललीय. नवरा नेव्हीत, डेल्बर्ट न्यूहाउस त्याचं नाव, बदली झालीय म्हणून वॉशिंग्टनहून बायको आणि दोन मुलांना घेऊन पार पश्चिम किनाऱ्याकडे निघालेत. बायकोचं लक्ष वर गेलं तर आकाशात दहा-बारा चकचकीत काहीतरी, ढग नाहीत, स्वच्छ निळं आकाश, आणि हे सगळे एकत्र गोळक्याने, आपल्यातल्या आपल्यात घिरट्या घालत पश्चिमेकडे सरकतायत. न्यूहाउसने गाडी बाजूला घेतली, डिकीतल्या सामानातून १६ एमएमचा कॅमेरा शोधून काढला, त्याला ३ इंची टेलिफोटो लेन्स होती, रंगीत कोडाक्रोम रीळ होतं, आणि जे दिसत होतं ते शूट केलं. एकूण सव्वा मिनिटाच्या आसपास फिल्म, साधारण बाराशे फ्रेम्स.

आता गंमत बघा, हा माणूस म्हणजे सुट्टीत हौस म्हणून कॅमेरा फिरवणारा काका नाही, तो नेव्हीचा ट्रेनिंग घेतलेला फोटोग्राफर, विमानातून शूटिंग करण्यात आयुष्य गेलेलं. पण फिल्म मात्र घरगुतीच, ड्युटीवर नसताना, स्वतःच्या कॅमेऱ्याने, रस्त्याच्या कडेला उभं राहून हातात धरून काढलेली. ती त्याने नेव्हीकडे पाठवली, तिथून ती एअर फोर्सकडे गेली आणि मग जे सुरू झालं ते मला त्या पांढऱ्या ठिपक्यांपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण एक साधी घरगुती फिल्म घेऊन मिलिटरी नेमकं करते काय, कशाने मोजते, कुठे फसते, हे इतकं उघड क्वचितच बघायला मिळतं.

थोडा मागचा संदर्भ. एअर फोर्सचं तेव्हा ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ चालू होतं, म्हणजे आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंचे रिपोर्ट तपासायचं काम, ओहायोतल्या डेटनजवळ राइट-पॅटरसन तळावर ऑफिस, प्रमुख कॅप्टन एडवर्ड रपेल्ट. आपण आज सर्रास यूएफओ म्हणतो ना, तो शब्द रूढ करण्यात याच माणसाचा मोठा हात. आणि १९५२चा जुलै म्हणजे नुसता गोंधळ. लागोपाठ दोन वीकेंडला थेट राजधानी वॉशिंग्टनच्या रडारवर अनोळखी ठिपके दिसले, लढाऊ विमानं उडवली, पेपरात मोठ्ठाल्या हेडलाइन्स. त्यात कोल्ड वॉर, म्हणजे लष्कराच्या डोक्यात मंगळावरचे लोक नंतर, आधी रशिया. अशा वेळी नेव्हीच्याच माणसाची फिल्म हातात पडलीय म्हटल्यावर ती फाईलमध्ये टाकून विसरणं शक्यच नव्हतं.

पहिल्यांदा एअर फोर्सच्या फोटो लॅबने बघितली. त्यांचं म्हणणं साधारण असं की ही विमानं नाहीत, फुगे नाहीत, पक्षी असावेत असंही वाटत नाही, मग काय आहे ते माहीत नाही. मग फिल्म गेली नेव्हीच्या अॅनाकोस्टियातल्या लॅबकडे, आणि त्यांनी मात्र पदर खोचून काम केलं, माणसं आणि तास यांचा हिशोब धरला तर जवळपास हजार तास. एकेक फ्रेम घेऊन प्रत्येक ठिपका कुठे आहे, आधीच्या फ्रेमपेक्षा किती सरकला, किती उजळ आहे, सगळ्याचे ग्राफ काढले. उजेड मोजायला डेन्सिटोमीटर वापरला, म्हणजे फिल्मचा कुठला भाग किती काळा आणि किती पारदर्शक ते सांगणारं यंत्र. निष्कर्ष काय काढला, तर या वस्तू पक्षी नाहीत, फुगे नाहीत, विमानंही नाहीत, आणि त्या सूर्याचा उजेड परावर्तित करत नाहीयेत, त्या स्वतःच प्रकाश देतायत. कारण? आकाशातला जवळपास ६० अंशांचा पट्टा पार करताना त्या एकदाही लुकलुकल्या नाहीत. वळणारी वस्तू उन्हात चमकते आणि विझते, ह्या तर सतत चमकतायत, म्हणजे दिवा स्वतःचाच असणार, असं ते लॉजिक.

ऐकायला भारी वाटतं. आता जरा थांबून बघू की फिल्मवरून मुळात मोजता काय येतं, कारण सगळी मेख तिथे आहे.

हात समोर लांब करा आणि अंगठा उभा धरा. डोळ्याला त्या अंगठ्याची रुंदी साधारण २ अंश दिसते. आता समजा आकाशातला एखादा पांढरा ठिपका एका सेकंदात अंगठ्याची एक रुंदी पार करतो. किती स्पीड आहे त्याचा? सांगता येत नाही. तो अर्ध्या किलोमीटरवर असेल तर ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वारा मागे असलेला पक्षीसुद्धा आरामात. तोच ठिपका ५ किलोमीटरवर असेल तर ताशी सव्वासहाशे, म्हणजे जेट विमान. आणि ५० किलोमीटरवर असेल तर ताशी सव्वासहा हजार, म्हणजे १९५२ मध्ये पृथ्वीवरच्या कुठल्याच विमानाला न जमणारं काहीतरी. ठिपका तोच, फिल्म तीच, आकडा कितीही बारीक मोजा, पक्ष्यापासून परग्रहापर्यंत कुठेही जायची मुभा. साइझचंही तेच. कॅमेऱ्याला फक्त कोन कळतो, अंतर कळत नाही, आणि अंतर नसेल तर स्पीड आणि साइझ दोन्ही हवेत. दोन कॅमेरे वेगवेगळ्या ठिकाणी असते, किंवा ठिपका एखाद्या ढगाच्या मागे गेला असता, डोंगरापुढून आला असता, तर काहीतरी पकडायला मिळालं असतं. न्यूहाउसच्या फिल्ममध्ये काहीच नाही, मोकळं निळं आकाश. त्यामुळे या केसबद्दल कुठेही ‘ताशी इतके हजार मैल’ असं वाचलंत तर त्याच वाक्यात पुढे ‘जर अंतर इतकं धरलं तर’ आहे का ते बघायचं, बहुतेक वेळा ते ‘जर’ गळालेलं असतं.

त्यात आणखी एक भानगड आहे. ठिपका फ्रेममध्ये किती सरकला ते मोजायचं, पण कॅमेराही हलतोय ना. न्यूहाउस ठिपक्यांच्या मागे कॅमेरा फिरवत होता, तेव्हा फ्रेममध्ये ठिपका जागच्या जागी दिसला तरी प्रत्यक्षात तो पळत असू शकतो, आणि उलटही. शिवाय हात थरथरतो, ३ इंची लेन्सला ती थरथर मोठी होऊन दिसते. पण हा माणूस प्रोफेशनल होता हे इथे दिसतं. शेवटी शेवटी एक ठिपका घोळक्यातून फुटून उलट दिशेला निघाला, तेव्हा न्यूहाउसने कॅमेरा त्याच्या मागे नेला नाही, एका जागी रोखून धरला आणि त्या ठिपक्याला फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ दिलं, मग परत पुढे नेऊन पुन्हा रोखला. अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात कामाचा भाग हाच, कारण इथे निदान कोनाचा वेग बऱ्यापैकी भरवशाने मिळतो.

जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने शास्त्रज्ञांची एक छोटी समिती बसवली. अध्यक्ष एच. पी. रॉबर्टसन, कॅलटेकचे फिजिसिस्ट. बरोबर लुईस अल्वारेझ, ज्यांना पुढे १९६८चं नोबेल मिळालं, सॅम्युएल गाउडस्मिट, लॉइड बर्कनर आणि खगोलशास्त्रज्ञ थॉर्नटन पेज. चार-पाच दिवसांच्या बैठका. त्यात नेव्हीच्या लॅबची माणसं आपले हजार तासांचे ग्राफ घेऊन आली आणि समितीने ते एकेक करून सोलले. मीटिंगमध्ये समोर बसलेल्या त्या लॅबवाल्यांचं मला खरंच वाईट वाटतं, पण आक्षेप बरोबर होते.

पहिला आणि सगळ्यात लागणारा आक्षेप असा की उजेड मोजला तो ओरिजिनल फिल्मवर नाही, कॉपीवर. फिल्मवरून फिल्म छापली की कॉन्ट्रास्ट बदलतो, उजळ आणखी उजळ होतं, गडद आणखी गडद. समितीने ओरिजिनल बघितली तेव्हा त्यातलं आकाश बरंच फिकट होतं आणि ठिपके तेवढे झगझगीत नव्हतेच. म्हणजे ‘स्वतःचा दिवा’ वाटावा एवढा उजेड निदान काही प्रमाणात तरी कॉपी काढणाऱ्या मशीनने दिलेला. दुसरं म्हणजे मोजायचं यंत्र त्या कामाला योग्य नव्हतं आणि गृहीतकं शंकास्पद होती. तिसरं, हाताची थरथर किती ते फिल्मच्या सुरुवातीच्या भागावरून काढता आलं असतं, आणि शेवटच्या त्या एकट्या ठिपक्याच्या ग्राफमधून वजा करता आलं असतं, ते केलंच नाही. आणि ‘लुकलुकलं नाही म्हणजे परावर्तन नाही’ या मुद्द्याचं काय? तर गोलसर आकाराची वस्तू कुठूनही बघा, तिचा कुठला ना कुठला भाग सूर्याकडे तोंड करूनच असतो, ती ६० अंशच काय, त्याहून जास्त पट्ट्यातही सतत चमकू शकते. सपाट आरसा विझतो, फुगीर पृष्ठभाग विझत नाही.

मग समितीला एक छोटी फिल्म दाखवली गेली, कडक उन्हात उडणाऱ्या सीगल्सची. ती बघितल्यावर समितीचं मत पक्कं झालं की हालचाल, आकार, चमक, सगळं पक्ष्यांकडेच बोट दाखवतंय.

सीगल म्हणजे आपला कुरव. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसलात तर मागे लागतात ते. जवळून बघताना त्यांची चोच, पाय, पंखांची करडी कड सगळं दिसतं, लोक गाठी-फरसाण टाकत असतात आणि हे हवेतल्या हवेत झेलतात. पण त्याच बोटीतून लांब बघा, पाण्यावर उंच जो थवा तरंगतोय तिथे. पंख दिसत नाहीत, फडफड दिसत नाही, नुसते पांढरे कण, एखादा वळला की चमकतो. यूटाला समुद्र नाही हे खरं, पण ट्रेमंटनपासून ग्रेट सॉल्ट लेक काही लांब नाही, तिथे कुरव प्रचंड, आणि युटाचा राज्यपक्षीच मुळी कॅलिफोर्निया गल आहे. जुलैतली अकराची वेळ म्हणजे जमीन तापायला लागलेली, गरम हवा वर चढतेय, असले पक्षी त्या हवेवर पंख न हलवता गोल गोल फिरत वर जातात. आपल्यातल्या आपल्यात घिरट्या घालणारा घोळका म्हणजे आणखी काय असतं?

हिशोब करून बघू. पक्ष्याच्या अंगाचा उजळ भाग अर्धा मीटर धरला, अंतर १ किलोमीटर, लेन्स ३ इंची म्हणजे ७६ मिलिमीटर. फिल्मवर त्याची प्रतिमा येते एका मिलिमीटरच्या चार शतांश भागाएवढी. हात थरथरतोय, फोकस जरा इकडेतिकडे, फिल्मचा कण त्यात मिसळतोय, एवढ्याशा जागेत पक्ष्याचा आकार उरणार कुठून, जे उरेल तो गोल पांढरा ठिपका. त्यामुळे ‘फिल्ममध्ये पंख दिसत नाहीत’ हा पुरावा पक्ष्यांच्या विरोधात जात नाही.

पण दुसरी बाजूही आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. रपेल्ट नंतर न्यूहाउसला भेटला तेव्हा न्यूहाउसने सांगितलं की कॅमेरा सापडेपर्यंत त्या वस्तू बऱ्याच लांब गेल्या होत्या, आधी त्या जवळ होत्या आणि त्यांचा आकार दोन बशा एकमेकींवर उपड्या ठेवल्यासारखा होता. हे खरं असेल तर विषय संपला, कुरव तसे दिसत नाहीत. प्रॉब्लेम एवढाच की हे वर्णन समितीसमोर नव्हतं, नंतर आलं, आणि फिल्ममध्ये ते नाही. मला स्वतःला न्यूहाउस खोटारडा अजिबात वाटत नाही, पण घटनेनंतर, इतक्या चौकश्या झाल्यावर सांगितलेला आकार आणि त्या दिवशी दिसलेला आकार यात किती फरक पडतो हे कोणीच सांगू शकत नाही. खुद्द रपेल्टने पुढे लिहिलंय की सॅन फ्रान्सिस्को बेवर त्याने उंचावर फिरणारे सीगल्स बघितले आणि ते ट्रेमंटनच्या फिल्मसारखे दिसत होते, पण तरी तो खात्री देत नाही. पुढे १९५५च्या सुमाराला डग्लस एअरक्राफ्टमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट बेकरने दोन्ही फिल्म्सचं स्वतंत्र विश्लेषण केलं आणि त्याला पक्ष्यांचं उत्तर पटलं नाही.

दोन्ही म्हणजे? हो, दुसरी एक होती, थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९५०, मोंटाना राज्यातलं ग्रेट फॉल्स. तिथल्या बेसबॉल टीमचा मॅनेजर निक मारियाना मॅचच्या आधी ग्राउंड बघत होता, त्याला दोन रुपेरी ठिपके दिसले, पळत जाऊन गाडीतून १६ एमएम कॅमेरा आणला आणि सोळा सेकंदांची रंगीत फिल्म काढली. बरोबर त्याची सेक्रेटरी, तिनेही बघितलं. ही फिल्म मोजायला बरी, कारण ठिपके एका पाण्याच्या टाकीच्या मागून जातात, निदान काहीतरी स्थिर वस्तू फ्रेममध्ये आहे, आणि टाकीच्या अलीकडचे नाहीत एवढं तरी कळतं. एअर फोर्सचं उत्तर, त्या वेळी जवळच्या तळावर दोन एफ-९४ जेट उतरत होती, त्यांचं चमकणं. मारियानाचं म्हणणं, जेट वेगळी, ती आम्ही वेगळ्या दिशेला बघितली. वर त्याचा आरोप असा की फिल्म परत आली तेव्हा सुरुवातीच्या सगळ्यात स्पष्ट तीसेक फ्रेम्स गायब होत्या, एअर फोर्स म्हणतं खराब झालेली एकच फ्रेम काढली. आणि कहर म्हणजे नंतर चौकशी करणाऱ्यांना नक्की तारीख कुठली यावरच शंका आली, कारण ज्या दिवशी मॅच होती म्हणतायत त्या दिवशी टीम गावात खेळत होती का हेच जुळेना. आता तारीख हलली की ‘त्या वेळी जेट उतरत होती’ हा मुद्दाही हलतो, म्हणजे एअर फोर्सचंही उत्तर लटकलं आणि मारियानाचंही. गावाला मात्र याचं काही वाटलं नाही, २००८ मध्ये तिथल्या बेसबॉल टीमचं नावच ‘व्हॉयेजर्स’ ठेवलं, या फिल्मच्या आठवणीत.

रॉबर्टसन समितीकडे परत येतो, कारण त्यांच्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट आहे जी वाचून मी कपाळाला हात लावला. त्यांनी सुचवलं की ट्रेमंटनच्या जागेवर तसल्याच हवेत प्लास्टिकचे उशीसारखे फुगे सोडून वेगवेगळ्या अंतरावरून शूट करा, पक्षीतज्ज्ञांना विचारा की कुरव उन्हात कसे चमकतात, मग तुलना करा. अगदी साधी गोष्ट. आणि पुढे हेही म्हटलं की दरवर्षी येणाऱ्या प्रत्येक रिपोर्टचा असा पाठपुरावा करायचा तर तेवढा खर्च आणि कष्ट परवडणारे नाहीत. म्हणजे बंद खोलीत फिल्मवर हजार तास घालवायला कोणाची ना नव्हती, पण चार माणसं, तोच कॅमेरा आणि दहा-बारा फुगे घेऊन युटाला जायचं म्हटलं की खर्च आठवला. फिल्ममध्ये जी माहिती नाहीच, म्हणजे अंतर, ती फिल्म कितीही घासली तरी निघणार नव्हती. ती बाहेरूनच आणायला लागते.

समितीचा खरा जीव कशात अडकला होता ते त्यांच्या शिफारशींवरून कळतं. त्यांना भीती ठिपक्यांची नव्हती, ठिपके बघून फोन करणाऱ्या लोकांची होती. हजारो लोक एकदम रिपोर्ट करायला लागले आणि त्याच वेळी रशियाने खरंच काही केलं तर खरी सूचना त्या गर्दीत अडकून पडेल. म्हणून लोकांना ‘शिक्षित’ करा, गूढपणा काढून टाका, टीव्ही आणि सिनेमा वापरा, रिपोर्टमध्ये चक्क वॉल्ट डिस्नेच्या कंपनीचं नाव घेतलंय. आणि यूएफओवाल्या खाजगी ग्रुप्सवर लक्ष ठेवा असंही. हे सगळं गुप्त. पुढे बाहेर आलं तेव्हा लोकांचा विश्वास उडाला तर नवल काय? पक्षी हे उत्तर बहुतेक बरोबर होतं, पण ते ज्यांच्या तोंडून आलं त्यांना ते उत्तर हवंच होतं, हे नंतर प्रत्येकाला दिसलं.

१९६६ ते १९६८ मध्ये एअर फोर्सच्याच पैशाने कोलोराडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या हाताखाली मोठा अभ्यास झाला, त्यात फोटो आणि फिल्म्सचं काम विल्यम हार्टमन नावाच्या तरुण खगोलशास्त्रज्ञाकडे होतं. त्याने दोन्ही फिल्म्स नव्याने तपासल्या. मोंटानाबद्दल त्याचं मत असं की विमानं मानणं जरा जड जातं, पण ती शक्यता पूर्ण बाद करता येत नाही. मला हे बरोबर वाटतं, तिथे आजही कोणी छातीठोक बोलू नये. ट्रेमंटनबद्दल मात्र त्याला त्या भागातून गाडीने जाताना पांढऱ्या पक्ष्यांचा थवा दिसला, अगदी फिल्मसारखा घिरट्या घालणारा, पंख दिसतायत न दिसतायत अशा अंतरावर, आणि त्याने लिहून टाकलं की माझ्यापुरती ओळख पटली, हे पक्षीच. नेव्हीने न केलेलं काम झालं, तेही योगायोगाने, गाडीच्या खिडकीतून.

१९६९ अखेर ब्लू बुक बंद झालं, एकूण १२,६१८ केसेस, त्यातल्या ७०१ अनुत्तरित.

आजच्या व्हिडिओंमध्ये यातलं काय काय परत येतं ते बघायला मजा येते. अमेरिकन नेव्हीच्या यूएसएस रसेल जहाजावरून काढलेला हिरव्या लुकलुकणाऱ्या त्रिकोणांचा व्हिडिओ आठवत असेल, मे २०२२ मध्ये पेंटॅगॉनच्या अधिकाऱ्यांनी संसदेसमोर सांगितलं की ते ड्रोन होते आणि त्रिकोणी आकार नाईट व्हिजन चष्म्यातून गेलेल्या प्रकाशाचा, म्हणजे यंत्राने दिलेला. ‘गो फास्ट’ नावाने गाजलेला व्हिडिओ, ज्यात समुद्रालगत काहीतरी सुसाट जाताना दिसतं, तिथेही अंतराचाच घोळ. त्याचा हिशोब केला तर वस्तू पाण्याजवळ नसून जवळपास १३ हजार फुटांवर निघाली, आणि सुसाट वाटलं ते जास्त करून शूटिंग करणारं विमान स्वतः पळत असल्यामुळे.

त्यामुळे गच्चीवर उभं असताना तुम्हाला कधी असं काही दिसलं तर न्यूहाउसची ट्रिक वापरा. झूम मारून मागे मागे धावू नका, मोबाईल कठड्यावर टेकवा, फ्रेममध्ये शेजारच्या बिल्डिंगचं टोक किंवा विजेचा खांब येऊ द्या आणि वस्तूला आरपार जाऊ द्या. दुसऱ्या एरियात राहणाऱ्या मित्राला लगेच फोन करा, त्यालाही शूट करायला सांगा, दोन जागांवरून घेतलेलं असलं की अंतर काढता येतं. आणि ओरिजिनल फाईल जपून ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नाही, ती दाबून बारीक केलेली कॉपी असते. वेळ आणि दिशा तिथल्या तिथे लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी नाही.